खटला न भरणारे रुग्ण : ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा आणि डॉक्टरांची जबाबदारी

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर शिंदेशाहीचा कारभार आजही दगडात उभा आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे स्थिरावला, त्या तळाचे लष्कर नावाचे शहर झाले आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत गोरखी महालाच्या आसपास टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस, सरकारी छापखाना अशा इमारती एकामागून एक उठल्या. संस्थानाला जे मिरवायचे होते ते बाड्यावर आले. रुग्णालय थोड्या अंतरावर कंपूत गेले: 1899 चे जयारोग्य. 1946 मध्ये त्याच्या शेजारी गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या दोहोंच्या मधल्या काळात, 1935 साली, मानसिक आरोग्यशाळा निघाली. ती मात्र बहोडापूरच्या बाजूला, मध्यवर्ती तुरुंगाच्या शेजारी. जागेच्या या निवडीबद्दल तेव्हा कुणाला वावगे वाटले असेल असे नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांच्या भिंतीही तुरुंगाइतक्याच उंच होत्या. पण या एका संस्थेचा नव्वद वर्षांचा इतिहास एक प्रश्न विचारायला भाग पाडतो. मनोविकारतज्ज्ञांना कायद्याची भीती वाटते, त्या भीतीपोटी ते रुग्णाआधी स्वतःला सांभाळतात, अशी तक्रार आज सर्रास ऐकू येते. ती खरी आहे. मग जिथे माणसांची पंचवीस-पंचवीस वर्षे नाहीशी झाली, त्या मोठ्या सरकारी संस्थांत ही भीती कधीच का पोचली नाही? माझे म्हणणे असे की आपल्याकडे वैद्यकीय जबाबदारीचा कायदा अशा रीतीने घडत गेला की तो नातेवाइकाच्या तक्रारीला घाबरायला शिकवतो, रुग्णाच्या नुकसानीला नाही. आणि हे दोन्ही एकच आहेत असे धरून चालल्यामुळे मनोरुग्णांची दुहेरी हानी झाली.

सुरुवात 1912 च्या ल्युनसी ॲक्टपासून करावी लागते. ग्वाल्हेर संस्थान तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याबाहेर होते, पण संस्थाने विलीन झाल्यावर देशभरची मनोरुग्णालये ज्या साच्यात चालली तो साचा याच कायद्याचा, आणि तो थेट 1993 पर्यंत टिकला. या कायद्यात रुग्णाला आत घेण्याचा निर्णय डॉक्टरचा नव्हताच. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडायचे, आणि मॅजिस्ट्रेटने ‘रिसेप्शन ऑर्डर’ काढायची. दाखल्याचा नमुना बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्यात डॉक्टरला दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या लागत: वेडाची जी लक्षणे आपण स्वतः पाहिली ती एकीकडे, आणि इतरांनी जी सांगितली ती दुसरीकडे, सांगणाऱ्याच्या नावानिशी. हा नमुना करणारा माणूस हुशार होता. मालमत्तेच्या भांडणात भावाला किंवा बायकोला वेडे ठरवण्याची लबाडी इंग्रजांनी मायदेशी पाहिली होती, म्हणून दाराशी इतका बंदोबस्त. आदेशावाचून कुणाला डांबून ठेवले तर दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षाही होती. थोडक्यात, आत नेण्याच्या कागदावर कायद्याची करडी नजर होती. पुढे तो माणूस आत किती वर्षे राहिला, याकडे मात्र तितक्या आस्थेने पाहणारे कुणी नव्हते. सुटका करायची तर तीन अभ्यागतांनी, त्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी, लेखी हुकूम द्यायचा. अभ्यागत म्हणजे बहुधा इतर कामांत गुंतलेले अधिकारी आणि गावातले प्रतिष्ठित.

अशा व्यवस्थेत अधीक्षकाने काय करावे? कागद पुरा असेल तर रुग्णाला ठेवून घेण्यात त्याला काडीचा धोका नव्हता. सोडण्यात होता. सुटलेल्या माणसाने घरी जाऊन कुणावर कुऱ्हाड उगारली तर पहिला प्रश्न अधीक्षकाला. वीस वर्षे बरा असूनही आत राहिला तर प्रश्न विचारणारे कुणी नाही. बचावात्मक वैद्यक हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी ती रीत अशी कुलपाच्या रूपाने अस्तित्वात होती. आसामातल्या माचांग लालुंग यांचे प्रकरण या रीतीचे टोक आहे. 1951 मध्ये त्यांना पकडले, पुढे तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. 1967 मध्ये ते बरे असल्याचा निर्वाळा तिथल्याच डॉक्टरांनी दिला, आणि मग घरी पाठवण्याऐवजी त्यांची रवानगी पुन्हा तुरुंगात झाली. ते सुटले 2005 मध्ये. चोपन्न वर्षे. डॉक्टरांनी आपले काम केले होते: दाखला दिला होता. त्या दाखल्याचे पुढे काय झाले हे पाहणे त्यांच्या कर्तव्यात बसत नव्हते. हजारीबागच्या तुरुंगातही बरे झालेले ‘वेडे’ कैदी दशकानुदशके राहिल्याचे 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. यांपैकी कुठेही कोण्या डॉक्टरवर निष्काळजीपणाचा दावा उभा राहिला नाही, आणि कायदेशीर दृष्ट्या तो उभा राहणे अवघडच होते.

ते का अवघड होते, हे कळायला लंडनच्या एका मनोरुग्णालयात जावे लागते. फ्रायर्न रुग्णालयात 1954 मध्ये जॉन बोलम नावाच्या रुग्णाला शॉक ट्रीटमेंट दिली गेली. स्नायू सैल करणारे औषध दिले नव्हते, अंगही धरून ठेवले नव्हते. झटक्याने दोन्ही बाजूंच्या मांडीच्या हाडांनी खुब्याची खोबण फोडली. बोलमने दावा लावला. डॉक्टरांचे म्हणणे असे की सैल करणाऱ्या औषधात मृत्यूचा लहानसा धोका आहे, हाडे मोडण्याचा धोका दहा हजारांत एक इतका, आणि याबाबत तज्ज्ञांतच दोन मते आहेत. 1957 मध्ये न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्यूरीला सांगितले की जाणकार डॉक्टरांच्या एखाद्या जबाबदार गटाला मान्य असलेल्या पद्धतीने वागणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, दुसऱ्या गटाचे मत वेगळे असले तरी. बोलम हरला. पण त्याच्या नावाची कसोटी जगभर गेली. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ अशा साऱ्यांना आज जी कसोटी लावली जाते ती एका मनोरुग्णाच्या मोडलेल्या खुब्यातून निघाली, ही गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांतही फारशी बोलली जात नाही. भारतात 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती ठामपणे स्वीकारली, आणि डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा ढोबळ, घोर असला पाहिजे असेही सांगितले.

गंमत अशी की त्याच सुमारास पुण्यात जवळजवळ जुळे वाटावे असे प्रकरण घडत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर 6 मे 1953 रोजी आनंद गोडबोले या वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. वडील त्र्यंबक बापू गोडबोले दौंडला स्वतः डॉक्टर. लाकडी फळ्या बांधून, अकरा तासांचा प्रवास करून 9 तारखेला मुलाला पुण्यात डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात आणले. मॉर्फियाचे एक इंजेक्शन दिले आणि पूर्ण भूल न देता तीन सहायकांनी पाय ओढून हाड बसवले, प्लॅस्टर घातले. रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. मृत्यूचे कारण म्हणून ‘फॅट एम्बॉलिझम’ असा दाखला देण्यात आला. खालच्या न्यायालयांनी तो ग्राह्य धरला नाही; या ओढाताणीच्या धक्क्याने मृत्यू आला असे ठरले आणि तीन हजार रुपये भरपाई मंजूर झाली. मे 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला, म्हणजे तीन हजारांसाठी पंधरा वर्षे. या निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये मांडली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे नीट ठरवणे, उपचार कोणता करायचा हे नीट ठरवणे, आणि तो नीट करणे. भारतीय वैद्यकीय निष्काळजीपणाचा सारा कायदा या तीन वाक्यांवर उभा आहे असे म्हटले तरी चालेल. माझ्या मते यातल्या पहिल्या कर्तव्याने मनोविकारतज्ज्ञांना नकळत एक पळवाट दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या कर्तव्यात चूक व्हायला रुग्ण हाती घ्यावा लागतो. जो घेतलाच नाही त्याच्याबाबत चूक होतच नाही. हाड मोडलेल्या मुलाला परत पाठवणे कठीण, लोक बघत असतात. आत्महत्येचे बोलणाऱ्या, औषध थुंकणाऱ्या, आक्रमक झालेल्या माणसाच्या बापाला ‘आमच्याकडे सोय नाही, ग्वाल्हेरला न्या’ किंवा ‘येरवड्याला न्या’ एवढे सांगून मोकळे होता येते.

आता बोलमची कसोटी बंद मनोरुग्णालयाला लावून पाहा. इतर जबाबदार डॉक्टर काय करतात, हा तिचा प्रश्न. आणि 1960 च्या, 1970 च्या दशकांत रांचीला, आग्र्याला, ग्वाल्हेरला, ठाण्याला सगळे तेच करत होते: शॉक भुलीवाचून, रुग्ण कोठडीत, बरा झालेलाही आतच. सगळे एकच चूक करतात तिथे ही कसोटी कुणालाच दोषी धरू शकत नाही. यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: सरकारी रुग्णालयेही कायद्याच्या कक्षेबाहेर नव्हती. खरेच. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये चंद्रिकाबाई या स्त्रीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि त्या दगावल्या. पती अच्युतराव हरिभाऊ खोडवा यांनी दावा लावला, आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीस हजारांचा हुकूमनामा पुन्हा लागू करत राज्य सरकारला जबाबदार धरले. पण त्या खटल्यात टॉवेल होता. पोटात टॉवेल का राहिला याचे स्पष्टीकरण देण्याची पाळी डॉक्टरांवर आली, पतीला फारसे सिद्ध करावेच लागले नाही. मनोरुग्णालयात हरवलेली वीस वर्षे अशी काढून न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवता येत नाहीत. शिवाय चंद्रिकाबाईंना अच्युतराव होते. तेहतीस वर्षे खटला लढवणारा नवरा, बाप, भाऊ ज्यांना असतो ते आरोग्यशाळेत वीस वर्षे राहतच नाहीत.

म्हणून या संस्थांपर्यंत न्यायालय पोचले ते दुसऱ्याच वाटेने. भरपाईचा दावा नाही, निष्काळजीपणाचा आरोप नाही. घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क, आणि तो मागणारी तिऱ्हाईत माणसे. मराठी वाचकाला इथे शीला बरसे हे नाव आठवावे. मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांबद्दल या पत्रकाराने लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये याचिका मानले होते. त्यांच्याच दुसऱ्या याचिकेवर ऑगस्ट 1993 मध्ये न्यायालयाने सांगितले की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. रांचीच्या आरोग्यशाळेची स्थिती 1986 पासून न्यायालयापुढे होतीच. पुढे त्यात आग्रा आणि ग्वाल्हेर आले, तिन्ही संस्था स्वायत्त करण्याचे आदेश झाले, आणि 11 नोव्हेंबर 1997 च्या आदेशाने या तिघींवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे आले. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने आयोगाने देशभरातल्या मनोरुग्णालयांची पाहणी करून 1999 मध्ये अहवाल काढला. कोठड्या, गर्दी, उपचारापेक्षा राखण, हे चित्र त्यातून अधिकृतपणे नोंदले गेले. ग्वाल्हेरमध्ये त्यानंतर सुधारणा झाल्या. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की साठ वर्षांत एकाही डॉक्टरला ज्याची वैयक्तिक भीती वाटली नाही, ते शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला स्वतः हाताळावे लागले.

नेमक्या याच काळात भीती दुसऱ्या दारातून आत आली. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा डॉक्टरांना लागू आहे का, हा वाद 13 नोव्हेंबर 1995 रोजी व्ही. पी. शांता खटल्यात मिटला: पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही सेवाच, आणि तिच्यातल्या उणिवेसाठी ग्राहक मंचात जाता येईल. जिथे प्रत्येकाला सगळेच मोफत, ती रुग्णालये मात्र बाहेर राहिली. 2019 च्या नव्या कायद्यात वैद्यकीय सेवेचा उल्लेख नाही म्हणून डॉक्टर सुटले, अशी एक मांडणी मुंबई उच्च न्यायालयापुढे झाली. ती टिकली नाही, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने हे सारे बरोबर असेल. परिणाम मात्र उलटा झाला. एकाच शहरात दोन मनोविकारतज्ज्ञ: एक बहोडापूरच्या आरोग्यशाळेत, ज्याच्या बेवारस रुग्णाला विचारणारे कुणी नाही, दुसरा लष्कर भागात दवाखाना थाटून बसलेला, ज्याच्याकडे भिंड, मोरेना, दतियाहून नातेवाईक पैसे मोजून रुग्ण आणतात. कायद्याची धग दुसऱ्याला. 2013 मध्ये कुणाल साहा प्रकरणात जवळजवळ सहा कोटींची भरपाई ठरली, तेव्हा ती कोलकात्याच्या एका बड्या रुग्णालयाविरुद्ध, त्वचेच्या आजाराच्या उपचारातली होती. तरी तो आकडा देशातल्या प्रत्येक छोट्या दवाखान्यात पोचला.

मनोविकारात ही धग कशी दिसते? इतर शाखांत बचावात्मक वैद्यक म्हणजे जादा तपासण्या: डोके दुखले की सीटी स्कॅन. मनोविकारात तपासणी करायला फारसे काही नसते, म्हणून बचाव कागदात आणि नकारात उतरतो. केसपेपरवर ‘नातेवाइकांना कल्पना दिली’ हे वाक्य, खाली तिघांच्या सह्या. एकटा आलेल्या प्रौढ माणसाला ‘कुणाला तरी घेऊन या’ म्हणून परत पाठवणे, जरी कायदा त्याला स्वतःच्या संमतीने भरती होऊ देत असला तरी. पांढऱ्या पेशी नियमित मोजाव्या लागतात म्हणून क्लोझापीन लिहायचेच टाळणे, मग इतर औषधांनी गुण येत नसला तरी चालेल. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला दारातच थांबवणे, कारण ती ‘एमएलसी’ म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर केस, पोलीस येणार, जबाब द्यावा लागणार. इथे मारुती श्रीपती दुबळ यांचा खटला आठवतो. मुंबई पोलिसातले हे शिपाई अपघातानंतर मानसिक आजाराने ग्रासले होते. 1985 मध्ये पत्नीच्या भाजीच्या गाडीच्या परवान्यासाठी ते महापालिकेत गेले आणि अंगावर रॉकेल ओतून घेतले. त्यांच्यावर दंड संहितेच्या कलम 309 खाली आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी, 1986 मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरवले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरून खटल्यातून त्याची सुटका केली, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरले नाही. तिच्यात 226 वे कलम मात्र आहे, सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी किंवा कामास भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचे. महापालिकेच्या दारात रॉकेल ओतून घेणारे दुबळ आज कदाचित त्यातच सापडले असते. चाळीस वर्षांत कायदा इतक्या वेळा फिरल्यावर एखादा डॉक्टर दारातच थांबला तर त्याला केवळ भित्रा म्हणणे मला पटत नाही.

पण याचा अर्थ डॉक्टरांना जबाबदारीतून मोकळे करावे असा नाही, आणि डॉक्टरांच्या संघटना कधी कधी हाच निष्कर्ष काढतात तिथे माझी त्यांच्याशी फारकत होते. भीती गेली की रुग्णाला जवळ केले जाईल, हा त्यांचा युक्तिवाद इतिहासात टिकत नाही. ग्वाल्हेर, रांची, तेजपूर इथे भीती नव्हतीच. तिथे काय झाले ते वर आले आहे. उलट बाजूने असे म्हणतात की मनोविकारतज्ज्ञांवर दावे फार होत नाहीत, त्यांची भीती काल्पनिक आहे. असेलही. पण माणूस दाव्यांची सरासरी काढून वागत नाही, त्याने ऐकलेल्या एका प्रकरणावरून वागतो. प्रश्न भीती किती आहे हा नसून ती कशाची आहे हा आहे. रुग्ण घेतल्याबद्दल जाब विचारला जातो, न घेतल्याबद्दल क्वचित. सोडल्याबद्दल विचारला जातो, न सोडल्याबद्दल जवळजवळ कधीच नाही. 1912 पासून ही तिरपी तराजू तशीच आहे.

29 मे 2018 पासून लागू झालेल्या याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती सरळ करायचा पहिला खरा प्रयत्न केला. भुलीवाचून शॉक देण्यावर बंदी आली. बोलमच्या खुब्याचा हिशेब असा तब्बल सहा दशकांनी इथे चुकता झाला. संमतीशिवाय भरती केलेल्या रुग्णाची माहिती पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत कळवायची. अशी भरती आधी तीस दिवसांपुरतीच. म्हणजे मुक्कामाच्या लांबीवर कुणाची तरी नजर आली. तरतुदी मोडल्या तर पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या कायद्यावर टीका केली, कागद वाढतील, छोटे दवाखाने भरती बंद करतील, असे म्हटले. कागद वाढतात हे खरे आहे, आणि त्या भीतीने कुणी भरती बंद केली तर तोटा रुग्णाचाच. तरी हा कागद ‘नातेवाइकांना कल्पना दिली’ या कागदापेक्षा वेगळा आहे, कारण तो रुग्णाच्या बाजूने, बाहेरच्या माणसाला वाचायला लिहिलेला आहे. तो वाचणारी मंडळे वेळेवर नेमली, त्यांना माणसे दिली, तर डॉक्टरचा भारही हलका होतो: सोडण्याचा निर्णय त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही.

याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात म्हटले आहे की घर नाही, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. बाहेरची सोय करणे सरकारचे काम आहे. बरे झालेल्यांच्या पुनर्वसनाबाबत 2017 पासून सर्वोच्च न्यायालय राज्यांना विचारत आहे. जुलै 2021 मध्ये याच प्रकरणात न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की मनोरुग्णालयातून बरे झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणे थांबवा.